मैदानाच्या कडेला बसून

(माजी विद्यार्थिनींच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



हुजूरपागेत मी दोनदा आले. एकदा विद्यार्थिनी म्हणून, १९८६ साली दहावी होऊन बाहेर पडले. नंतर दोन मुलींची आई म्हणून कितीतरी वर्षं लक्ष्मी रस्त्यावरच्या फाटकाशी उभी राहिले. खेळात मी शून्य. लंगडीतसुद्धा पहिल्या मिनिटाला बाद. त्यामुळे आज खेळाबद्दल जे बोलणार आहे ते कडेला बसलेल्या बाईचं बोलणं आहे.

पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी १८८४ साली मुलींची शाळा निघाली, हे आपण सगळ्यांनी निबंधात लिहिलंय. माझी थोरली पाचवीत खो-खोला जायला लागली, तेव्हा घरी येऊन म्हणाली, "आई, घोडे पळायचे तिथेच आम्हाला पळवतात!" मी म्हटलं, पागेत घोडे बांधतात, पळवत नाहीत. तिला ते पटलं नाही.

जुलै उजाडला की आमच्या घरात तो मोसम सुरू व्हायचा. चिखलाचे मोजे, सोललेले गुडघे, हळदीचे डाग पडलेल्या उशा. महापालिकेच्या स्पर्धा, मग विभाग, मग राज्य, ही पायरी पालकांनाही पाठ होते. गणपती जवळ आले की नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू, आणि त्या आवाजात पत्र्या मारुतीजवळच्या आमच्या घरी दोघी बहिणी ओरडूनच बोलायच्या. पुढे ढोल थांबले तरी ओरडणं थांबायचं नाही, ते वेगळं.

पहिला सामना बघून आल्यावर मी थोरलीला म्हणाले होते, "तू तर बराच वेळ नुसती बसून होतीस." ती इतकी रागावली! मग जेवताना वाट्या मांडून तिने मला खेळ शिकवला. नऊ जणींत एक पाठलाग करते, आठ बसतात, एकीआड एक उलट तोंड करून. जिला खो मिळतो ती उठून एकच दिशा धरते, मागे वळता येत नाही. खो कानावर पडायच्या आधी उठली तर चूक, उशिरा उठली तर पळणारी निसटली. म्हणजे बसलेली मुलगी रिकामी नसते. पेपरात फोटो खांबावर सूर मारणारीचा येतो. पण डाव उठणाऱ्या मुलींवर चालतो, हे मला त्या आमटीच्या वाटीने शिकवलं. माझी मुलगी उठण्यात फार चांगली होती. हे मी आई म्हणून नाही, बाईंच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

२०११च्या जूनमध्ये ती दहावीत गेली. क्लास संध्याकाळी सहाचा. मी खेळाच्या बाईंना चिठ्ठी दिली, अभ्यासामुळे नाव कमी करावे. बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "तिला विचारलंत का?" मी म्हटलं, "तीच म्हणाली." मैत्रिणींनो, ती असं काही म्हणाली नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. चिठ्ठी तिच्या हातात दिली, तेव्हा तिने ती घडी उलगडूनही पाहिली नाही. माझ्यासमोर उभी राहून बाईंना देऊन टाकली.

मार्क उत्तम पडले. नातेवाइकांत मी चार वर्षं सांगत हिंडले, निर्णय बरोबर होता.

धाकटीच्या वेळी मात्र चिठ्ठी लिहिली नाही. तीही दहावीत, तीही खो-खोत. एका गुणाने हरल्या. मोदी गणपतीपर्यंत रडत आली आणि तिथे भेळ हवी म्हणाली. तिचे मार्क ताईपेक्षा कमी आले, मला वाईट वाटलं नाही. मनात कुठेतरी हिशेब मांडला होता, थोरलीचं देणं धाकटीकडे फेडलं. पण एकीचं देणं दुसरीच्या खात्यावर जमा होत नाही. एवढं कळायला मला २०२५च्या जानेवारीपर्यंत वेळ लागला.

१९ जानेवारीला, रविवारी, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना होता. प्रियांका इंगळे कर्णधार, समोर नेपाळ. दोघी मुली घरी होत्या. मातीचा खेळ मॅटवर, छताखाली, आणि आपल्या मुली ७८-४० अशा जिंकल्या. एका गड्यामागे एक गुण धरणाऱ्या आमच्या पिढीला तो आकडा क्रिकेटचाच वाटावा. थोरली नवे नियम समजावत होती. धाकटी सहज म्हणाली, "ताई, तू दहावीत वेळ लावायला यायचीस ना, तेव्हा तुझं ते घड्याळ किती मोठं होतं गं!"

खोली गप्प झाली.

शाळा पाचला सुटायची, क्लास सहाला. मधला तास ती वाचनालयात बसते, असा माझा समज. ती मैदानाच्या कडेला बसून संघाच्या पळतीची वेळ लावत होती, पूर्ण मोसमभर. सहावीतल्या बहिणीला शपथ घातली होती. बाईंना अर्थातच माहीत होतं. त्यांनी मला कधी सांगितलं नाही, याबद्दल मी आज त्यांचे आभार मानते.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्या भूमितीच्या वहीत, मागच्या बाजूने, तारखा, नावांची आद्याक्षरं आणि मिनिटं-सेकंद. सोळा पानं. ऑगस्टमधल्या एका दिवशी तिचं स्वतःचं अक्षर आहे. दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्या दिवशी कोणीतरी आलं नसेल, किंवा बाईंनीच उठ म्हटलं असेल. मी तिला अजून विचारलेलं नाही.

वही मी आज बरोबर आणली आहे. त्या वर्षीच्या संघातल्या मुली इथे असतील तर जेवणानंतर माझ्याकडे या, आपापली मिनिटं बघून घ्या.