माती, जळण आणि राख
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही त्यांस प्रथम नकारच दिला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजवण्यात गेली. विद्वत्तेचा आमचा अधिकार नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, यंदा भट्ट्यांचा प्रश्न निघणार आहे, आणि तुमच्या घरात भट्टीही आहे व पुस्तकही आहे." या त्यांच्या बोलण्यापुढे आमचा निरुपाय झाला.

प्रश्न काय आहे, हे आपण जाणताच. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी वीटभट्ट्यांविषयी अधिसूचना काढली. भट्टी वस्तीपासून किमान आठशे मीटर दूर असावी, धुरातील कणांना मर्यादा असावी, आणि जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांनी झिगझॅग किंवा तत्सम पद्धतीकडे ठराविक मुदतीत वळावे, असा तिचा आशय आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या भट्ट्या म्हणजे उघड्यावर रचलेले विटांचे ढीग. त्यांना धुराडे नाही की भिंत नाही. म्हणून आज सकाळपासून येथे एकच सूर ऐकू येतो, की आपण सरकारकडे सूट मागावी. सूट मागू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु केवळ सूट मिळाल्याने आपला धंदा आणखी वीस वर्षे टिकेल काय, एवढाच प्रश्न आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत.

शाळेत हिशेब शिकवताना आम्ही फळ्यावर तीन रकाने आखीत असू. आजही तसेच करू. पहिला रकाना मातीचा, म्हणजे धंद्यास लागणाऱ्या मालाचा. दुसरा जळणाचा. तिसरा राखेचा, म्हणजे काम झाल्यावर जे मागे उरते त्याचा. धंदा लहान असो वा मोठा, या तीन रकान्यांत ज्याचा मेळ बसतो तो टिकतो. ज्याचा बसत नाही तो आज कितीही तेजीत असला तरी उद्या विझतो.

हे केवळ गरिबाच्या भट्टीलाच लागू आहे असे कोणी समजू नये. परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र पाहा. तेथे यंत्रे होती, तारा होत्या, हजारो हात होते. परंतु दुष्काळाने पाणी आटले आणि २०१३ साली व पुन्हा २०१५ साली ते केंद्र बंद ठेवावे लागले. दाभोळचा प्रकल्प पाहा. १९९९ साली तो सुरू झाला तो महाग नाफ्त्यावर. ती वीज परवडेना म्हणून २००१ साली आपल्या वीज मंडळाने ती घेणे थांबवले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूळ अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे तो वायूवर चालवू लागले, तर देशातील वायूचा पुरवठा आटला आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या रकान्याचे उदाहरण कोराडीचे. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी लोकांच्या शेतांत व घरांत शिरले. एक केंद्र पाण्याने अडले, एक जळणाने अडले, एकाची राख अंगावर आली. ज्यांच्यापाशी शेकडो इंजिनियर होते, त्यांचेही रकाने चुकले. मग आपण आपली पाटी एकदा तपासून पाहण्यात कमीपणा कसला?

प्रथम माती. एका विटेस सुमारे तीन किलो माती लागते. एक एकर जमीन एक फूट खणली, तर सुमारे चारशे पस्तीस ब्रास माती निघते व तिच्या पाच लाखांच्या आसपास विटा होतात. पाच लाख विटा ही मध्यम भट्टीची काही हंगामांची कमाई. परंतु ती एक फूट सुपीक माती निसर्गाला घडवण्यास कित्येक शतके लागलेली असतात. पिढीजात कुंभारास मातीच्या स्वामित्वधनात काही मर्यादेपर्यंत माफी आहे, आणि तो आपला मान आहे. परंतु सरकारने पैसे माफ केले म्हणून जमिनीने माती माफ केली असे होत नाही.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि न सांगितल्यास आमचे भाषण म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान असे होईल. कृष्णाकाठी आमचे वडिलार्जित तीस गुंठ्यांचे रान होते. जोंधळा उत्तम येई. १९९९ साली आमच्या मुलास तंत्रनिकेतनात घालावयाचे होते आणि शिक्षकाच्या पगारात ते बसेना. थोरल्या बंधूंची भट्टी जोरात होती; त्यांना माती हवी होती. आम्ही त्यांना ते रान तीन फूट खोल खणण्यास दिले. बंधूंनी पैसे चोख दिले, त्यांचा काही दोष नाही. खणण्यापूर्वी आमच्या आईने एकच विचारले, "बाळ, वरची माती परत टाकणार ना?" आम्ही "होय" म्हणालो. ती माती आम्ही परत टाकली नाही. बंधूंच्या विटांचा हंगाम चालू होता, आमची शाळा चालू होती, आणि पुढच्या वर्षी पाहू असे म्हणता म्हणता ते राहून गेले.

आज ते रान शेजारच्या रानांहून तीन फूट खाली आहे. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबते. पाणी ओसरले की मुरूम दिसतो. मुलगा शिकला, नोकरीस लागला, ईश्वरकृपेने सुखात आहे. परंतु गतवर्षी सुट्टीत आला असता त्याने आपल्या मुलीस ते रान दाखवले आणि ती म्हणाली, "आजोबा, हे तळे आपले आहे का?" आम्ही गप्प राहिलो. विशेष म्हणजे त्याच १९९९ सालच्या सप्टेंबरात दिल्लीहून पहिली अधिसूचना निघाली होती, की वरची माती वाचवण्यासाठी औष्णिक केंद्रांच्या पन्नास किलोमीटर परिसरात विटांच्या मातीत निदान चौथा हिस्सा राख मिसळावी. तिकडे माती वाचवण्याचा कायदा होत होता आणि इकडे एक शिक्षक, ज्याने मुलांना भूगोल शिकवला, तो आपले रान विकत होता.

आता जळण. आपले वाडवडील तूस, भुसा, लीद, बगॅस अशा टाकाऊ वस्तूंवर भट्टी भाजत. जे इतरांस नको ते आपले जळण, हा आपल्या धंद्याचा खरा पाया होता. तो पाया आता सरकला आहे. साखर कारखाने बगॅस जाळून वीज करू लागले; त्याला भाव आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने धोरण ठरवले, की औष्णिक केंद्रांनी कोळशाबरोबर पाच टक्के शेतातील काडीकचरा जाळावा व पुढे ते प्रमाण वाढवावे. हेतू चांगला आहे. शेतात जळून जाणारे पाचट कामी येते व धूर कमी होतो. परंतु मोठ्या केंद्राने शुद्धीचा संकल्प केला आणि त्याची किंमत लहान भट्टीने जळणाच्या भावात मोजली, असेही त्यात घडू शकते. ज्या भट्टीची निम्मी उष्णता उघड्या आकाशात जाते, तिने महागड्या जळणाशी सामना कसा करावा? भट्टी उघडल्यावर मधल्या विटा पक्क्या, कडेच्या कच्च्या, आणि तळाशी खंगर. हा अनुभव येथे कोणास नाही? कच्ची वीट आणि खंगर म्हणजे जाळलेले पैसेच होत.

झिगझॅग भट्टीत काही जादू नाही. विटा अशा रचतात की गरम हवा नागमोडी वाटेने फिरते, जळण पुरते जळते आणि वीट सारखी भाजते. साध्या धुराड्याच्या भट्टीच्या मानाने तीत कोळसा सुमारे पाचवा हिस्सा वाचतो. आपल्या उघड्या ढिगाच्या मानाने अधिकच वाचेल. परंतु ती रोज वीस-पंचवीस हजार विटा मागते. एकट्या कुंभाराच्या आवाक्यातील ती गोष्ट नव्हे. येथेच आपल्या प्रश्नाची खरी गाठ आहे, आणि ती सुटीच्या अर्जाने सुटणारी नाही.

तिसरा रकाना राखेचा. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण फार, तीस ते पंचेचाळीस टक्के. २०२१-२२ या एका वर्षात देशातील औष्णिक केंद्रांतून सुमारे सत्तावीस कोटी टन राख निघाली. ही राख प्रथम कोणास नको होती. २००९ च्या अधिसूचनेने विटा करणाऱ्या लहान उद्योगांसाठी कोरड्या राखेचा वीस टक्के हिस्सा फुकट ठेवण्यास सांगितले. पुढे सिमेंटचे कारखाने आले, राखेच्या ठोकळ्यांचे कारखाने आले, राखेस भाव आला, आणि २०२१-२२ पासून ती लिलावाने देण्याकडे धोरण वळले. लिलावात कोण उभा राहतो? ज्याच्यापाशी टँकर आहेत तो. आपण चाकाशीच बसून राहिलो.

काही तरुण मंडळी म्हणतात, "गुरुजी, माती सोडू या, राखेच्याच विटा करू या." कल्पना चांगली आहे, केंद्राच्या जवळ राहणाऱ्यांनी ती अवश्य करावी. परंतु तेथेही तीन रकाने आखून पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले आहे. कोळसा जसजसा कमी होईल, तसतशी राखही कमी होईल. तेव्हा कर्ज काढून केवळ राखेवर धंदा उभारणाऱ्याने कर्ज किती वर्षांत फिटेल याचा हिशेब आधी करावा.

आणखी एक रकाना फळ्यावर राहून जातो, तो माणसांचा. दिवाळीनंतर आमच्या वर्गातील काही नावे हजेरीपटावर राहत आणि मुले नाहीशी होत. आईबापांबरोबर ती भट्टीवर विटा उलथीत असत. त्यांत परगावची होती, तशी आपल्याच भट्ट्यांवरचीही होती. मजुराचे मूल अडाणी ठेवून स्वस्त झालेली वीट ही स्वस्त नव्हे.

मग करावे काय? आमच्या अल्पमतीस तीन गोष्टी सुचतात. पहिली, या संमेलनाने ठराव करावा, की कोणत्याही ज्ञातिबंधूने वरची मशागतीची माती बाजूला काढून ठेवल्याशिवाय रान खणू नये, आणि खालची माती नेल्यावर ती परत पसरून द्यावी. तलावांतला शेतास नको असलेला गाळ रीतसर परवानगीने मिळाला तर तो आधी वापरावा. दुसरी, तालुक्यातील दहा-पंधरा भट्टीवाल्यांनी सहकारी पद्धतीने एकच झिगझॅग भट्टी उभारावी. थापणे ज्याचे त्याने करावे, भाजणे एकत्र करावे. ज्या जिल्ह्यांत साखर कारखाने सहकाराने उभे राहिले, तेथे वीट का भाजू नये? तिसरी, सरकारकडे अर्ज जरूर करावा. मात्र त्यात नुसती सूट न मागता मुदत मागावी, सामाईक भट्टीस कर्ज मागावे, आणि लहान उत्पादकांसाठी राखेचा हिस्सा राखून मागावा. भीक मागणारा आणि हिशेब घेऊन येणारा, या दोघांना कचेरीत मिळणारी वागणूक निराळी असते.

शेवटी, ज्यांचे नाव घेतल्याशिवाय आपले कोणतेही संमेलन पुरे होत नाही, त्या तेरच्या गोरोबाकाकांचे स्मरण करतो. नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे मूल आले, ही कथा आपण आईच्या मांडीवर ऐकली. गोरोबा भक्तीत तल्लीन होते, म्हणून देवाने ते मूल परत दिले. आपण धंद्याच्या धुंदीत चिखल तुडवीत आहोत आणि पायाखाली येणारे मूल पुढच्या पिढीचे आहे. ते परत देण्यास पांडुरंग येईल असा भरवसा धरण्याइतकी आपली भक्ती नाही. तेव्हा पायाखाली पाहून तुडवणे एवढेच आपल्या हाती आहे.

पहिला ठराव मंजूर झाल्यास त्याची सुरुवात आम्ही स्वतःपासून करू. त्या तीस गुंठ्यांत गाळ भरून घेण्याचे काम येत्या उन्हाळ्यात आम्ही हाती घेत आहोत. निवृत्तिवेतनातून जितके होईल तितके दरसाल. ते आमच्या हयातीत पुरे होईल असे नाही. परंतु आईला दिलेला शब्द पंचवीस वर्षे उशिरा का होईना, पाळावयास लागलो, एवढे समाधान लाभेल.