वारसाकर, विवरणपत्र आणि आपली घरे
(व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



वडीलधाऱ्यांचे तेरावे आटोपले, की घरात दबक्या आवाजात विचारणा होते, "आता या सगळ्यावर टॅक्स बसणार का?" आपल्या बीदर, भालकी, औराद, आळंद भागात तर शेती इथे, घर लातूर-सोलापूरला आणि मुले अमेरिकेत. प्रश्न साहजिक आहे.

आज भारतात वारसाकर नाही. पूर्वी होता. १९५३ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना इस्टेट ड्यूटीचा कायदा झाला. मृत्यूनंतर सहा महिन्यांत मालमत्तेचा हिशेब द्यावा लागे. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना तो कर उरला नाही.

पण वारसाकर नाही म्हणून विवरणपत्रही नाही, असे समजू नका. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतची पेन्शन, भाडे, ठेवींचे व्याज मिळून करमुक्त मर्यादा ओलांडली, तर गेलेल्या माणसाच्या पॅनवर वारसाने विवरणपत्र भरायचे. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत ही मर्यादा ४ लाख रुपये आहे. आधी आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करावी लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. उत्पन्न मर्यादेखाली असले, तरी बँकेने टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावेच. मृत्यूनंतरचे भाडे-व्याज मात्र त्यात मिसळू नये. जुना थकलेला कर निघाला तर घाबरू नका. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

घर किंवा प्लॉट वारशाने मिळताना कर नाही, पण पुढे विकताना नफ्यावर लागतो. तेव्हा वडिलांच्या खरेदीची किंमत आणि तारीख धरली जाते. म्हणून जुने खरेदीखत रद्दीत घालू नका.

आपली आणखी एक अडचण सीमेची. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. आज राज्ये दोन आणि दप्तरेही दोन. इकडे पहाणीवर नाव चढवायला पौती खाते करावे लागते, तिकडे सातबाऱ्यावर वारस फेरफार. एकीकडे नाव लागले म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही.

आता परदेशाचे. अमेरिकेत इस्टेट टॅक्स आजही आहे. इथे राहणाऱ्या आजोबांनी अमेरिकी कंपन्यांचे शेअर थेट घेतले असतील आणि तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर मृत्यूपासून नऊ महिन्यांत ७०६-एनए हा फॉर्म तिथे भरावा लागतो. तिथले नागरिक झालेल्या मुलामुलींच्या बाबतीत भालकीचा वाडासुद्धा हिशेबात धरतात. पण २०२६ साठी त्यांची मर्यादा दीड कोटी डॉलर असल्याने फार थोड्यांना कर लागतो.

शेवटी एक विनंती. ठेवी, पॉलिसी, जमिनीचे सर्व्हे नंबर, परदेशातली खाती एका वहीत लिहा आणि वही कुठे आहे ते घरच्यांना सांगा. मृत्युपत्र करा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नवरा गेल्यावर कागदांसाठी दोन राज्यांच्या कचेऱ्या धुंडाळण्याची पाळी आपल्या घरातल्या बाईवर येऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!