पाप कोणाचे, प्रायश्चित्त कोणाला?



कापसाचा भाव पडला की आपण अडत्याला दोष देतो, सरकारला देतो. पण एखाद्या घरात कर्त्या माणसाने जीव दिला की गावात वेगळीच भाषा सुरू होते. मागच्या जन्मीचे भोग, पितरांचा दोष, घराण्याला लागलेला शाप. जिचे कुंकू पुसले गेले, तिच्याच पायगुणाची चर्चा होते. मग कोणीतरी सांगतो, हे दुर्मरण आहे, जीव अडकला आहे, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा, नाहीतर लेकराबाळांना भोगावे लागेल.

हा विधी तीन दिवसांचा. दुर्मरणासाठी नारायणबळी, आणि नाग मारल्याच्या पापासाठी नागबळी. आता मला सांगा, वावरात राबणाऱ्या कोणत्या घराण्यात कधी नाग मारला गेला नसेल? आरोपच असा आहे, की त्यातून एकही शेतकरी सुटू नये. यवतमाळहून नाशिक जिल्ह्यात जाणे-येणे, राहणे, दक्षिणा. पैसा कोठून येणार? सावकाराकडून. कर्जापायी माणूस गेला, आणि त्याच्या सुटकेसाठी घरावर आणखी कर्ज!

सावकार निदान कागद तरी दाखवतो. पापाच्या खात्यात मुद्दल किती, व्याज किती, फेड झाली की नाही, काही कळत नाही. कृषी केंद्रात जो रोग सांगतो तोच औषध विकतो. त्यात आपण कसे नागवलो जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. धर्माच्या दुकानातही पाप सांगणारा आणि प्रायश्चित्त विकणारा एकच असतो.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. युरोपात पापमाफीच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन विकल्या जात, आणि तो पैसा रोमच्या मोठ्या चर्चच्या बांधकामाला जाई. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून ते मेल्यानंतरच्या श्राद्धापर्यंत धर्माच्या नावाने त्याच्याकडून कसा पैसा काढला जातो, याचा हिशेब त्यांनी मांडला. त्या काळी वतनदार जोश्याला लग्नाला बोलावले नाही तरी तो दक्षिणेवर हक्क सांगे, कोर्टात जाई. तो हक्क मुंबई प्रांतात १९२६ साली कायद्याने गेला. त्यासाठी सी. के. बोले यांनी विधेयक आणले होते. सक्ती गेली, पण भीती राहिली. आणि भीती असली की सक्तीची गरजच पडत नाही.

देव मानावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पंढरीला जाणाऱ्याशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते एका गोष्टीशी. ‘पाप’ म्हटले की चौकशी थांबते. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ‘नशिबाचे भोग’ म्हणून सारे गप्प बसले असते तर विषय तिथेच संपला असता. लोकांनी विचारले, औषध कोणते, कोणी विकले, हातमोजे आणि मास्क का नव्हते? तेव्हा सरकारला विशेष चौकशी पथक नेमावे लागले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घालावी लागली.

१९ मार्च १९८६ रोजी आपल्याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवले. त्या लेकरांचे पाप कोणते होते? कोणत्या शास्त्रात याचे उत्तर आहे? उत्तर शोधायचे तर ते विजेच्या बिलात, बँकेच्या नोटिशीत आणि शेतीमालाच्या भावात शोधावे लागेल.

सरकारी कायदासुद्धा या बाबतीत पुढे गेला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली असतो असे धरून चाला, त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्या, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. कायद्याने ज्याला गुन्हेगार म्हणणे सोडले, त्याला आपण गावात पापी म्हणत राहायचे काय?

म्हणून या बैठकीतून गावी गेल्यावर एक काम करा. अशा घरी जाल तेव्हा दोष, शाप, शांती यांची गोष्ट काढू नका, दुसऱ्याने काढली तर त्याला थांबवा. त्या माउलीला तलाठ्याकडे घेऊन जा, सातबारावर तिची वारस नोंद करून घ्या. मदतीचे प्रकरण पात्र ठरले की अपात्र, ते तहसीलमध्ये विचारा. सोसायटीचे आणि सावकाराचे देणे किती, ते कागदावर लिहून काढा. नागबळीसाठी ती शेत गहाण ठेवायला निघाली असेल, तर गावातल्या चार बायांनी तिच्याजवळ बसावे आणि स्पष्ट सांगावे : बाई, तुझ्या माणसाने पाप केले नव्हते. त्याच्यावर कर्ज होते.