संघ गेला, गाव राहिले : बुचॉन एफसी १९९५ ची कथा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत क्रीडा समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे कोरियातल्या एका फुटबॉल संघाची कथा सांगायची म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. घरातल्या मुलींनी कोरियन मालिका लावल्या की आपण कुरकुरतो, आणि आता व्याख्यानमालेतही कोरियाच! पण हैदराबादकरांना कोरियन फुटबॉल अगदी परके नाही. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले आणि सुवर्णपदक आणले. त्या संघाचे प्रशिक्षक आपल्या शहरातले, सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता.

आजची गोष्ट पदकांची नाही. ज्या संघाबद्दल बोलायचे आहे त्याने बहुतेक काळ काहीच जिंकले नाही. संघ कोणाचा असतो, त्याच्यावर पैसे लावणाऱ्या कंपनीचा की त्याच्यासाठी पायऱ्यांवर बसून घसा कोरडा करणाऱ्यांचा, हा प्रश्न ज्या गावाला प्रत्यक्ष सोडवावा लागला त्या गावाची ही गोष्ट आहे. हा प्रश्न आपल्या शहरातही नुकताच येऊन गेला. त्याविषयी पुढे बोलूच.

बुचॉन हे शहर सोल आणि इंचॉन या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये अंग चोरून बसलेले आहे. वस्ती आठ लाखांच्या आसपास. पुष्कळ लोक सकाळी लोकलने सोलला कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात. अशा गावाला स्वतःची ओळख मिळवणे फार कठीण असते. शेजारचे मोठे शहर सगळे गिळून टाकते.

कोरियातली व्यावसायिक साखळी स्पर्धा १९८३ साली सुरू झाली. संघ कंपन्यांचे होते आणि नावेही कंपन्यांचीच. त्यांतला एक होता युकाँग एलिफंट्स. युकाँग ही तेलशुद्धीकरण करणारी कंपनी, आजच्या एसके उद्योगसमूहातली. या हत्तींनी १९८९ साली विजेतेपद मिळवले. पण तेव्हाच्या संघांना गाव असे नव्हतेच म्हटले तरी चालेल. नव्वदीच्या मध्यावर संयोजकांनी ठरवले की प्रत्येक संघाने आपले गाव धरावे आणि सोलमध्ये झालेली दाटी कमी व्हावी. त्यानुसार १९९६ साली युकाँगने बुचॉनचे नाव लावले. पुढच्याच वर्षी संघ बुचॉन एसके झाला. गंमत अशी, की नाव बुचॉनचे असले तरी बुचॉनचे मैदान तयार व्हायला २००१ साल उजाडले. तोवर 'घरचे' सामने सोलच्या मोकडाँग मैदानावर! म्हणजे बुचॉनकराला आपला संघ बघायला शेजारच्या गावी जावे लागे. तरीही लोक गेले.

या लोकांविषयी थोडे सांगायला हवे, कारण खरी कथा त्यांचीच आहे. १९९५ साली, म्हणजे संघाला बुचॉनचे नाव मिळण्याच्याही आधी, टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडून गप्पा मारणाऱ्या काही फुटबॉलवेड्या तरुणांनी या संघाच्या पाठीराख्यांचा गट उभा केला. पुढे त्याचे नाव झाले 'हर्मिस'. त्याआधी कोरियात सामना बघायला जाणे म्हणजे बसून बघणे आणि गोल झाला की टाळ्या वाजवणे. नव्वद मिनिटे उभे राहून, ढोल वाजवत, एका सुरात गाणी म्हणत संघाला पुढे रेटायचे, ही रीत या पिढीने आणली. २००२ च्या विश्वचषकात लाल कपड्यांतले लाखो कोरियन रस्त्यांवर उतरलेले आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्या 'रेड डेव्हिल्स' मंडळींची सुरुवातही याच काळातली.

त्यांना गाण्यासारखे कारणही होते. त्याच १९९५ साली वालेरी नेपोम्न्याशी नावाचे रशियन प्रशिक्षक संघाकडे आले. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारे ते हेच. लांब चेंडू मारून मागे धावत सुटण्याऐवजी छोटे छोटे पास देत पुढे सरकायचे, हे त्यांनी शिकवले. त्यांच्या नावावरून त्या खेळाला कोरियात 'निपो फुटबॉल' म्हणू लागले. साखळी स्पर्धेचे विजेतेपद काही त्यांच्या हाती लागले नाही, पण सुंदर खेळ ज्याने एकदा पाहिला तो संघ सोडत नाही. आमच्या मते विजेतेपदापेक्षा हे व्यसन जास्त टिकते.

२००० साली बुचॉन एसके अंतिम लढतीपर्यंत पोहोचला आणि आनयांग एलजी चीताज या संघाकडून हरला. ही जोडी लक्षात ठेवा. फेब्रुवारी २००४ मध्ये विजेत्या आनयांगच्या मालकांनी संघ उचलून सोलला नेला. तोच आजचा एफसी सोल. आणि फेब्रुवारी २००६ मध्ये, नव्या हंगामाच्या तोंडावर, एसकेने बुचॉनचा संघ जेजू बेटावर हलवल्याचे जाहीर केले. एका अंतिम लढतीतले दोन्ही संघ सहा वर्षांच्या आत आपापल्या गावातून गेले.

मालकांची बाजूही सांगायला हवी. संघाचे दिवस वाईट होते. २००३ साली तो अगदी तळाला राहिला होता. प्रेक्षक रोडावले होते. तिकडे जेजू बेटावर सोग्वीपोला विश्वचषकासाठी बांधलेले देखणे मैदान रिकामे पडलेले आणि त्या बेटाला स्वतःचा व्यावसायिक संघ नव्हता. हिशेबाच्या वहीत हा निर्णय चुकीचा दिसत नाही. फक्त त्या वहीत हर्मिसला रकाना नव्हता. कोणाशी चर्चा नाही, निरोपाचा सामना नाही. खेळाडू गेले, नाव गेले आणि पुढे रंगही बदलला, कारण जेजूने तिथल्या प्रसिद्ध संत्र्यांचा नारिंगी रंग घेतला. २००६ साली बुचॉनच्या पाठीराख्यांकडे गाणी होती, ढोल होते, पस्तीस हजारांच्या आसपास माणसे बसतील असे नवे मैदान गावात होते, आणि खेळायला संघच नव्हता.

अशा वेळी माणसे काय करतात? काही फुटबॉल सोडतात. काही मुकाट्याने दुसरा संघ धरतात. बुचॉनच्या मंडळींनी तिसरा मार्ग घेतला. तो त्यांचा शोध नव्हता. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ मिल्टन कीन्सला न्यायचे ठरले तेव्हा तिथल्या पाठीराख्यांनी २००२ साली आपला नवा संघ काढून अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली होती. २००७ च्या अखेरीस बुचॉनमध्येही असाच संघ उभा राहिला. नाव ठेवले बुचॉन एफसी १९९५. आकडा संघाच्या स्थापनेचा नाही, तो पाठीराखे एकत्र आले त्या वर्षाचा. नावातच सांगून टाकले की आधी आम्ही होतो, संघ नंतर आला.

२००८ साली हा संघ के-३ लीगमध्ये दाखल झाला. ही स्पर्धा आदल्याच वर्षी सुरू झालेली. खेळाडू म्हणावे तर हौशी, म्हणावे तर अर्धव्यावसायिक. कोरियात शाळा-कॉलेजापासून फुटबॉल खेळलेल्या हजारो मुलांपैकी मोजक्यांनाच व्यावसायिक संघ घेतो. उरलेल्यांचे काय? कोणी दुकानात, कोणी कारखान्यात, कोणी लहान मुलांना खेळ शिकवत पोट भरतो. त्यात सक्तीची लष्करी सेवा. प्रकृतीच्या कारणाने सैन्याऐवजी सरकारी कचेरीत सेवा करणारी मुले दिवसा कचेरी आणि संध्याकाळी सराव असे करत. के-३ हा अशा सगळ्यांचा आसरा.

आणि या पायरीवर संघ चालवायचा म्हणजे काय, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको. ज्यांनी गणपतीची वर्गणी गोळा केली आहे, मांडववाल्याशी घासाघीस केली आहे, स्मरणिकेच्या जाहिरातीसाठी एकाच दुकानात चार खेपा घातल्या आहेत, त्यांना ते ठाऊक आहे. मैदानाचे भाडे, पंच, गाडी, पाण्याच्या बाटल्या, तिकिटाच्या खिडकीवर बसणारा माणूस. कंपनीचा संघ असतो तेव्हा हे सगळे कोणीतरी करत असते. आपला संघ असतो तेव्हा ते आपणच करायचे असते. शिवाय त्या वेळी के-३ मधून वर जायला शिडीच नव्हती. पहिले आलात तरी पुढच्या वर्षी तिथेच. बुचॉन तर पाच हंगामांत एकदाही के-३ चे विजेतेपद मिळवू शकला नाही. बढतीची आशा नसताना पाच वर्षे दर आठवड्याला मैदानावर जाणे, हे आम्हाला या संपूर्ण इतिहासातले सर्वांत मोठे काम वाटते. पुढचे यश मोठे दिसते, पण ते या पाच वर्षांवर उभे आहे.

या काळातला एक दिवस मात्र सोन्याचा. जुलै २००९ मध्ये त्यांनी इंग्लंडहून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर या संघाला बोलावले. मँचेस्टर युनायटेड अमेरिकन ग्लेझर कुटुंबाच्या हाती गेल्यावर रागावलेल्या पाठीराख्यांनी २००५ साली काढलेला हा संघ, तेव्हा इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या पायरीवर खेळत होता. म्हणजे दोन छोटे संघ, दोन्ही लोकांनी काढलेले, जगाच्या दोन टोकांचे. तो सामना बघायला बुचॉनच्या मैदानात वीस हजारांहून अधिक माणसे आली आणि बुचॉनने तो ३-० असा जिंकला. प्रेक्षक नाहीत म्हणून जिथून संघ गेला, त्याच मैदानात!

२०१३ साली कोरियात व्यावसायिक फुटबॉलचा दुसरा विभाग सुरू झाला. त्यातल्या आठ संघांत बुचॉनला जागा मिळाली. (आनयांगनेही त्याच वर्षी नवा संघ काढून प्रवेश केला.) पण व्यावसायिक संघाचा खर्च वर्गणीवर भागत नाही. त्यासाठी शहराच्या तिजोरीतून पैसा लागतो. आज कोरियातल्या अशा नागरी संघांचा मालक म्हणून त्या त्या शहराचा महापौरच मिरवतो. कंपनीच्या मर्जीतून सुटले आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात अडकले, असेही कोणी म्हणेल. ते खोटे नाही. पण महापौर संघ उचलून बेटावर नेऊ शकत नाही, एवढा फरक आम्हाला पुरेसा वाटतो.

सुरुवातीची वर्षे तळाशीच गेली. मग २०१६ च्या कोरियन एफए कपमध्ये या संघाने आधी पोहांगला आणि मग उपांत्यपूर्व फेरीत जोनबुकला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवले. जोनबुक हा त्याच वर्षी आशियाचा विजेता ठरलेला संघ! उपांत्य फेरीत बुचॉन ०-१ असा हरला. कोणाकडून? एफसी सोलकडून, म्हणजे आनयांगहून उचललेल्या त्या संघाकडून.

आणि मग २०२०. जेजूचा संघ घसरून दुसऱ्या विभागात आला. चौदा वर्षांनी गाठ पडली, २६ मे रोजी, बुचॉनच्या मैदानावर. हर्मिसने या सामन्याची किती वाट पाहिली असेल! पण करोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. रिकाम्या मैदानात जेजूने भरपाईच्या वेळेत गोल करून १-० असा विजय मिळवला आणि वर्षाअखेरीस ते पुन्हा वर निघूनही गेले. कथा लिहिणाऱ्याने असे लिहिले असते तर आपण त्याला निर्दयी म्हटले असते.

आता आपल्या शहराकडे येऊ. २०१९ साली पुण्याचा आयएसएल संघ आर्थिक अडचणींमुळे बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. प्रशिक्षक आणि बरेच खेळाडूही तिकडून इकडे आले. मंडळातल्या पुणेकर कुटुंबांनी तेव्हा 'आमच्याच मागोमाग आला' म्हणून केलेली थट्टा अनेकांना आठवत असेल. त्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, तेही करोनामुळे सगळा हंगाम गोव्यात खेळून. अंतिम सामना फातोर्ड्याला झाला. ज्या वर्षी आपण विजेते ठरलो त्या वर्षी गच्चीबावलीला एकही सामना झाला नाही. आणि २०२५ साली तो संघ नाव बदलून दिल्लीला गेला. पुण्यातून आला, हैदराबादेतून गेला. सहा वर्षांत दोन शहरांनी आपला संघ गमावला.

त्यानंतर समितीच्या बैठकीत आम्ही एकमेकांना विचारले, की आपण काय केले? थोडे हळहळलो, आणि टीव्हीवर दुसऱ्या संघाचे सामने लावले. पुण्यातही फार वेगळे झाले नसावे. त्याचा दोष कोणाला द्यायचा नाही. सहा वर्षांत मुळे किती खोल जाणार? पण बुचॉनचे नाव संघाला लागून जेमतेम दहा वर्षे झाली होती, आणि गावच्या मैदानावर तर पाचच. म्हणून केवळ वर्षांचा हिशेब पुरत नाही. त्यांच्याकडे आधीपासून एकमेकांना ओळखणारी, एकत्र प्रवास करणारी, एकत्र गाणारी माणसे होती. आपल्याकडे तिकिटे काढणारे होते, टाळ्या वाजवणारेही होते. गट म्हणावा असे मात्र आम्ही कधी झालो नाही. त्यामुळे समितीने ठरवले आहे की यंदा दिवाळीनंतर शहरातल्या स्थानिक लीगचे सामने बघायला महिन्यातून एकदा एकत्र जायचे. नावे बाहेरच्या टेबलावर नोंदवता येतील. ढोल-ताशे आपल्याकडे आहेतच, दहा दिवसांनंतर ते अकरा महिने माळ्यावरच पडून असतात.

बुचॉनचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. २०२५ साली त्यांनी दुसऱ्या विभागात तिसरे स्थान मिळवले आणि बढतीच्या लढतीपर्यंत मजल मारली. समोर पहिल्या विभागातला सुवॉन एफसी. डिसेंबरच्या थंडीत पहिला सामना, बर्फामुळे पुढे ढकललेला, बुचॉनने घरी १-० असा जिंकला आणि दुसरा सुवॉनच्या मैदानावर ३-२ असा. पाठीराख्यांनी के-३ मध्ये सुरू केलेला हा संघ अठराव्या हंगामाच्या शेवटी कोरियाच्या पहिल्या विभागात पोहोचला. त्याच आठवड्यात जेजूनेही आपली जागा राखली. त्यामुळे यंदाच्या वेळापत्रकात दोघेही एकाच विभागात आहेत, आणि २००६ साली न सांगता गेलेला संघ बुचॉनच्या मैदानावर पाहुण्यांच्या दारातून आत येतो. यंदा प्रेक्षकांना बंदी नाही.