यंत्र आले, मजुराचे दिवस कुठे गेले?

(परभणी येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावी जा आणि पूर्वी घर कसे बांधत असत ते जुन्या माणसांना विचारा. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. वडार, सुतार, गवंडी, शेतमजूर अशा सर्वांचे हात त्या घराला लागत. ते घर उन्हाळ्यात थंड राही, हे खरे. पण त्याचे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची अशीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. पद्धत बदलायलाच हवी होती. प्रश्न एवढाच आहे की, बदलाचा लाभ कोणाच्या पदरात पडला?

एके काळी स्लॅबचा दिवस म्हणजे साऱ्या वस्तीला काम मिळण्याचा दिवस. वाळू, खडी, सिमेंट फावड्याने कालवायचे आणि हातोहात घमेली वर चढवायची. त्या रांगेत बायाच अधिक असत. पुढे मिक्सर आला, मग मिक्सरला लिफ्ट जोडली गेली. मोठ्या कामांवर तर तयार काँक्रीट नळीतून थेट वर जाते. पाया जेसीबी खणतो, खडी क्रशर फोडतो. मान मोडणारे ओझे कमी झाले, याचे दुःख कोणी करू नये. बाईने जन्मभर घमेले वाहावे, हा काही समाजवाद नव्हे. परंतु ओझ्याबरोबर तिची मजुरीही उतरली. यंत्रावर बसतो तो बहुधा पुरुष, यंत्र गुत्तेदाराचे, आणि बाई सकाळी नाक्यावर उभी राहून दुपारी रिकाम्या हाताने घरी परतते.

आता कायद्याकडे पाहा. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदे झाले. बांधकाम खर्चावर 1 ते 2 टक्के उपकर घ्यावा आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असे ठरले. महाराष्ट्रात त्यासाठी 2011 साली कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. पण नोंदणीची अट कोणती? मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही अट कायम ठेवली आहे.

यातील विसंगती ध्यानात घ्या. उपकर खर्चावर आहे. काम माणसाने केले काय किंवा यंत्राने केले काय, तो भरावाच लागतो. हक्क मात्र दिवसांवर आहे, आणि दिवस तर यंत्राने खाल्ले! ज्याचे काम गेले त्याच्याच नावाने पैसा जमा होतो आणि त्यालाच दारातून परत पाठवले जाते.

डॉ. राममनोहर लोहियांनी 1952 साली पंचमढी येथे छोट्या यंत्राचा विचार मांडला. तो यंत्रद्रोह नव्हता. यंत्र श्रमणाऱ्याच्या आवाक्यातले असावे, हा त्याचा आशय. मिक्सर आणि लिफ्ट ही काही पोलादाच्या कारखान्यासारखी अवजड भांडवली यंत्रे नव्हेत. मजुरांची खरीखुरी सहकारी संस्था, कागदावरची नव्हे, ती विकत घेऊ शकते.

म्हणून आपल्या मागण्या तीन. यंत्रामुळे काम गमावलेल्यांसाठी 90 दिवसांची अट शिथिल करा. उपकराच्या पैशातून बायांना गवंडीकामाचे आणि यंत्र चालवण्याचे शिक्षण द्या. शिकण्याच्या दिवसांची मजुरीही द्या. आणि 1969 च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे राबणाऱ्या हमालांची नोंद जशी एका मंडळाकडे आणली, तशी नाक्यावरच्या मजुराची हजेरी मंडळानेच ठेवावी. दाखल्यासाठी त्याला गुत्तेदाराच्या दारी जावे लागू नये.

कार्यकर्त्यांनी उद्या सकाळी नाक्यावर जावे. भाषण करू नये, वही घेऊन बसावे. गेल्या वर्षी कोणाला किती दिवस काम मिळाले, ते एकेकाला विचारून लिहावे. ती वही हाच आपल्या लढ्याचा पाया ठरेल.