मालवण ते कारवार : शिडाच्या होडीतून
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळूरात बसून समुद्राविषयी बोलण्याचे धाडस मी करीत आहे. परंतु या नगरीचा आणि त्या किनाऱ्याचा ऋणानुबंध आपल्याला परका नाही. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावी ज्यांच्या बालपणाचा काही काळ गेला, त्या शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून आरमार हाकारले आणि दक्षिणेस थेट बसरूरपर्यंत मजल मारली. नंतर गोकर्णाचे दर्शनही घेतले. त्याच सागरी वाटेचा मालवण ते कारवार हा टप्पा शिडाच्या होडीतून पार करण्याचा योग मला १९९७ च्या जानेवारीत आला.

त्या वेळी माझी नेमणूक सिंधुदुर्ग जिल्ह्यात होती. मालवणच्या एका वृद्ध तांडेलाने आपली जुनी होडी कारवारच्या जावयास देण्याचे ठरविले होते. ती पोचविण्यास तो निघाला, तेव्हा आठ दिवसांची रजा टाकून मीही त्याच्यासोबत निघालो. होडीला एक लहानसे यंत्र बसविलेले होते खरे. पण म्हाताऱ्याची भिस्त शिडावर. पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बंदर सोडावे आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला की त्याच्या बळावर दक्षिण गाठावी, असा त्याचा साधा हिशेब होता. वाऱ्याची ही उलटापालट शाळेत भूगोलाच्या पुस्तकात मी पाठ केली होती. तिचा प्रत्यय मात्र डोलकाठीखाली बसल्यावर आला.

सिंधुदुर्ग किल्ला मागे पडतो न पडतो तोच, पाण्यावर करड्या पाठी वर आल्या. मालवणी मुलखात ज्यांना गादे म्हणतात, ते हे डॉल्फिन. या जातीच्या पाठीवर उंचवटा असतो आणि ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच वावरते. मी हर्षभराने ओरडलो, "यंत्र चालू करा, जवळ जाऊ!" तांडेलाने नाखुशीने का होईना, पण साहेबाचा शब्द मानला. यंत्र धडधडले, आम्ही त्या रोखाने गेलो, आणि समुद्र मोकळा! पुन्हा एकही पाठ दिसली नाही. म्हातारा एवढेच म्हणाला, "सायबानू, गाद्याच्या पाठी धावाचा नसता. आपण गप रवलो तर तोच येतलो."

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांजवळून आम्ही गेलो. तेथील कपारींत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचे सूप करतात, आणि म्हणून तेथे चोऱ्याही झाल्या आहेत. बेटे मागे टाकल्यावर वारा पडला, शीड लोंबू लागले. आम्ही मुकाट बसून राहिलो. थोड्याच वेळाने होडीच्या अगदी कडेला कुणीतरी दीर्घ सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला. गादा श्वास घेण्यासाठी वर आला होता; सोबत पिल्लूही होते. हाताच्या अंतरावरून त्या मातेने आमच्याकडे पाहिले आणि पिल्लाला घेऊन ती नाळेसमोरून सावकाश निघून गेली. आदल्या दिवशी मी केलेल्या पाठलागाची त्या क्षणी मला मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी, गोव्याचा किनारा डाव्या हाताला असताना, नायलॉनच्या जाळ्याचे एक तुटके भेंडोळे तरंगताना दिसले. त्यात एक कासवी अडकली होती. कासवाला श्वासासाठी वर यावेच लागते. जाळ्याच्या ओझ्याने तिला ते जड जात होते. तांडेलाने कोयत्याने एकेक पदर कापला. सुटताच ती खोल गेली. म्हाताऱ्याने हात जोडले आणि मग ते ओले, जड भेंडोळे मोठ्या कष्टाने होडीत ओढून घेतले. "टाकून द्या की," मी म्हणालो. "पुन्हा कोण तरी गावतला त्येच्यात," तो उत्तरला. कारवारपर्यंत त्या जाळ्याची दुर्गंधी आम्ही सोसली.

या जीवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. वेळासच्या ग्रामस्थांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी जपण्याचे कार्य उभे केले. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण करून सोडलेली एक कासवी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली! पूर्वेचा सागर आणि पश्चिमेचा सागर ही आपल्या नकाशातील विभागणी. तिच्या लेखी ते एकच पाणी. अशा प्रवाशाचा घात एका फेकलेल्या जाळ्याने होऊ शकतो, हे विसरून चालणार नाही.

आज मालवणात, गोव्यात डॉल्फिन दाखविणाऱ्या यांत्रिक नौकांची गर्दी असते. एक कळप दिसला की चहूबाजूंनी त्या त्याच्यावर धावतात. दोष केवळ नावाड्यांचा नव्हे. पैसे मोजून घाई करणारे प्रवासी आपणच असतो. १९९७ साली मीही तेच केले होते.

म्हणून एकच विनंती. सुट्टीत मुलाबाळांसह आपण कोकणात अथवा कारवारास जाल, तेव्हा नावाड्यास सांगा, "यंत्र बंद करा, आम्हाला घाई नाही." कदाचित काही दिसेल, कदाचित रिकाम्या हाताने परतावे लागेल. माझा तांडेल आज हयात नाही. पण त्याचे ते बोलणे आपल्यापर्यंत पोचविले आहे.