गोळी, काजळी आणि काडतूस

(विज्ञान मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



१८५७ च्या काडतुसांना चरबी लावण्याची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. पण मुळात गोळीला वंगण लागतेच कशाला, हे कधी विचारले आहे काय? उत्तरासाठी बंदुकीच्या नळीत डोकवावे लागेल.

ठासणीच्या जुन्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे. ती झटकन आत जाई. पण वायू बाजूने निसटे आणि नेम चुके. नळीत पीळदार चर पाडले तर गोळी फिरत सरळ जाते. मात्र त्यासाठी ती चरांना घट्ट भिडली पाहिजे, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासणे हे महाकष्टाचे काम!

१८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिए यांनी यावर तोड काढली. लांबट, बुडाशी पोकळ गोळी. ती सैल आत जाते. बार होताच दाबाने तिचे बूड फुगते आणि चरांना भिडते. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर आठवा. दाब आला की तोही असाच कडेला चिकटतो.

याच तत्त्वावरील १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीची नळी ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८ इंच होती. मधली जागा ०.००९ इंच, तीतही काडतुसाचा कागद.

आता दारू पाहा. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने उरतो. कंदिलाच्या काचेप्रमाणे नळी काजळते. कोरड्या हवेत ही काजळी कडक होते, मधली जागा भरते आणि गोळी अर्ध्यावर रुतते. अशी अडकलेली गोळी उडवली तर नळी फुटण्याचा धोका. मेण किंवा चरबी काजळी मऊ ठेवते व पुढची गोळी ती पुसत जाते. वंगणाची गरज खरीच होती.

मग चुकले कोठे? शिपायाने काडतुसाचे टोक दाताने तोडायचे, अशी कवायत होती. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा कोणी केली नव्हती. गाय व डुक्कर या शंकेने हिंदू व मुसलमान दोघेही दुखावले. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरण्याची मुभा मिळाली; पण विश्वास उडाला होता. उठावाला इतर कारणेही होतीच. पुढे गोळीच ०.५५ इंचांपर्यंत लहान केली आणि चरबीऐवजी मेण वापरात आले.

मित्रहो, इंचाचा हजारावा भाग मोजणाऱ्यांनी काडतूस तोंडात धरणाऱ्या माणसाला विचारले नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी कारखान्यात जाईल, कोणी कचेरीत. माप अचूक घ्याच. पण ती वस्तू ज्याच्या हाती जाणार, त्याला आधी विचारा.